पार्कचा वर्षाचा पास घ्यावा का? रोह्याहून जाणं-येणं धरून परवडतो का, कोणीतरी सांगा

कुंडलिका_काठ

नमस्कार मंडळी, जरा हिशोबात मदत हवीय, घरात तीन दिवस याच एका विषयावरून चाललंय. आम्ही रोह्याला राहतो, मिस्टर धाटाव एमआयडीसीत शिफ्टला, मी घरी क्लास घेते, मुलगा नऊ वर्षांचा नि मुलगी पाच. दिवाळीत मोठ्या दिरांबरोबर दोघं एका अम्युझमेंट पार्कला जाऊन आली, आमच्यापासून गाडीने दोन तास लागतात, आणि आल्यापासून एकच धोशा, परत कधी परत कधी. जेवताना तेच, झोपताना तेच.

आता त्या पार्कचा वर्षाचा पास निघालाय. मोठ्यांना ३०००, लहानांना २४००, म्हणजे आम्हा चौघांचे १०८००. एरवी शनिवार-रविवारचं तिकीट मोठ्यांना १२०० नि लहानांना ९००, चौघांचे ४२००. मिस्टर म्हणतात सरळ हिशोब आहे, तीनदा गेलो की पैसे वसूल, पुढचं सगळं फुकट. मला त्यात काहीतरी खटकतंय पण बोट ठेवता येत नाहीये. दहा हजार म्हणजे आमच्या घरात छोटी रक्कम नाही, तेवढ्यात मुलाची वर्षाची व्हॅनची फी निघते. पण मुलांचा चेहरा बघितला की वाटतं घेऊन टाकावा, ही वयं परत यायची नाहीत.

ज्यांनी असा पास घेतलाय त्यांनी खरंखरं सांगा, वर्षात किती वेळा गेलात? आणि सासूबाईंचा पण घ्यायचा का, त्या ६८ च्या आहेत, त्यांना मुलांबरोबर यायला आवडतं पण राइडमध्ये बसत नाहीत. ऑफर पंधरा दिवसच आहे म्हणतात.

पेणचा_कारखाना

ताई, मी घेतला होता मागच्या वर्षी, वेगळ्या पार्कचा, तर माझं सांगतो. वर्षात गेलो किती, तर दोनदा.

आमचा गणपतीचा कारखाना आहे पेणला. पास घेतला मे महिन्यात, मुलांना सुट्टी होती, मॉलमध्ये त्यांचा स्टॉल लागला होता, पोरगी गोड बोलली, घेतले चार पास. आता मे ते गणपती आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते हे मला काय दुसऱ्याने सांगायला हवं होतं? रंगकाम, मग डोळ्यांची आखणी, मग पॅकिंग, रात्री दोन-दोनपर्यंत लाइट चालू. पण त्या वेळी डोक्यात फक्त "वर्षभर कधीही" एवढंच बसलं. गणपती झाले, म्हटलं आता जाऊ, तर मुलांची सहामाही. दिवाळीत सगळे तयार होऊन निघालो, गाडीत डबा, बायकोने पहाटे उठून घावने केलेले, आणि गेटवर त्या मुलाने पास स्कॅन केला तर लाल. दिवाळीचा आठवडा पासवाल्यांना बंद. पासच्या मागे बारीक अक्षरात तारखा होत्या, मी वाचल्याच नव्हत्या. धाकटा गेटच्या दांड्याला धरून उभा राहिला, सोडेना. शेवटी त्या दिवशीची तिकिटं काढली, सणाच्या रेटने. म्हणजे पास खिशात असून चार तिकिटांचे पैसे वेगळे भरले. अजून आठवलं की पोटात कालवतं.

मग नोव्हेंबरात एकदा गेलो, जानेवारीत एकदा. फेब्रुवारीपासून नवीन माल सुरू. एप्रिलअखेर पास संपला.

तर ताई, आधी त्या बंद तारखा लिहून मागवा, वेबसाइटवर नसल्या तर फोन करून व्हॉट्सअ‍ॅपवर लिखित मागा. सण, नाताळ ते नवीन वर्ष आणि मेचे शनिवार-रविवार हे बहुतेक त्यातच असतात, आणि नेमकं तेव्हाच आपल्याला जाता येतं.

नवीन_पनवेल_आई

मी थोडं उलटं सांगते कारण आम्हाला पास खरंच फळलाय. दोन वर्षं घेतोय, दोन मुलं आहेत, सातवी नि नववीत, गेल्या वर्षी नऊ वेळा गेलो.

पण का फळला ते सांगते. आमच्या घरापासून पार्क पाऊण तासावर आहे. आम्ही पूर्ण दिवस जातच नाही. शनिवारी मुलांची शाळा सुटली, घरी वरण-भात खाल्ला, अडीचला निघालो, सव्वातीनला आत. सकाळी आलेली सहलीची गर्दी तोपर्यंत थकून खायला बसलेली असते, मुलं त्यांच्या आवडीच्या दोन-तीन राइड करतात, सात वाजता परत. आत फक्त पाणी नि एखादी कुल्फी. तिकीट काढून जाता तेव्हा सकाळी दहा ते संध्याकाळी बंद होईपर्यंत एक मिनिट वाया घालवायचं नाही असं डोक्यात असतं, मग उन्हात धावाधाव, मुलं रडतात, नवरा-बायकोची भांडणं होतात. पासवर ती घाई निघून जाते, लाइन मोठी दिसली तर सोडून देतो, पुढच्या वेळी करू म्हणतो. मला विचाराल तर पासचा खरा फायदा हा आहे, पैशांपेक्षा.

आता ताई तुम्ही रोह्याहून दोन तास जाणार, दोन तास येणार. चार तासांचा प्रवास करून तीन तासांसाठी कोणी जात नाही. म्हणजे तुम्हाला प्रत्येक वेळी पूर्ण दिवसच काढावा लागणार, तर हा फायदा तुमच्या वाट्याला यायचा नाही.

सासूबाईंचा अजिबात घेऊ नका. आमच्या आई पहिल्या वर्षी पासवर दोनदा आल्या, सावलीला बसून गुडघे धरून, तिसऱ्यांदा म्हणाल्या मला घरीच राहू दे. त्यांचं ज्या दिवशी येतील त्या दिवशी तिकीट काढा, ज्येष्ठांना सवलत आहे का तेही विचारा, बऱ्याच ठिकाणी असते.

कुंडलिका_काठ

पेणवाले दादा, वाचून वाईट वाटलं हो, लेकराचं दांड्याला धरून उभं राहणं डोळ्यासमोर आलं. आत्ताच फोन लावला पार्कला. बंद तारखा आहेत: दिवाळीचा आठवडा, २४ डिसेंबर ते १ जानेवारी, आणि पूर्ण मे महिन्याचे शनिवार-रविवार. आणि अजून एक निघालं, ते ३००० आणि २४०० टॅक्स सोडून आहेत! तिकिटाचे १२०० मात्र टॅक्स धरून. मी विचारलं नसतं तर पैसे भरताना कळलं असतं.

लालपरी_महाड

मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त. आयुष्यभर पास तपासले, त्यामुळे दोन शब्द बोलतो.

पहिलं टॅक्सचं. पार्कच्या प्रवेशावर १८ टक्के जीएसटी आहे. आधी २८ होता, जानेवारी २०१८ मध्ये कमी केला. तुमचे १०८०० अधिक १९४४, झाले १२७४४. आता ४२०० ने भागा, तीन फेऱ्यांत फिटत नाही, थोडक्यासाठी चौथी लागते. आणि मधल्या वाराचं, ऑनलाइन काढलेलं तिकीट किती आहे ते सांगितलं नाहीत. पार्कवाले तुलना नेहमी त्यांच्या सगळ्यात महाग तिकिटाशी करून दाखवतात. आपण तुलना आपण जे तिकीट काढू त्याच्याशी करायची.

दुसरं. एसटीचा मासिक पास कसा असतो ठाऊक आहे? वीस दिवसांचं भाडं भरायचं नि तीस दिवस फिरायचं. त्रैमासिकला पन्नास दिवसांचं भरून नव्वद दिवस. तो परवडतो कारण पोराला कॉलेजला रोज जायचंच असतं, माणसाला कामाला रोज जायचंच असतं, जाणं आधी ठरलेलं, पास नंतर. पण "आवडेल तेथे प्रवास"चा चार दिवसांचा नि सात दिवसांचा पास असतो, तो काढून लोक पहिल्या दिवशी कोल्हापूर, दुसऱ्या दिवशी पंढरपूर करतात आणि तिसऱ्या दिवशी पाहुण्यांकडे जेवायला बसले की पास खिशात आणि दुपार निघून जाते. मी गाडीत कितीतरी जणांना शेवटच्या दिवशी हळहळताना बघितलंय. म्हणून सांगतो, पास घेऊन जायचं ठरवू नका, जायचं ठरवून मग पास घ्या.

तेव्हा ताई, भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या. मिस्टरांना शेजारी बसवा. चार दिवस शोधा, ज्या दिवशी त्यांना सुट्टी, मुलांना सुट्टी, पार्क पासवाल्यांना चालू आणि घरात कार्य नाही. पेनाने गोल करा. चार गोल झाले तर पास घ्या, माझा आशीर्वाद आहे.

कुडाळकर_७

ताई, तुमका दोन तास लांब वाटता, आमका कुडाळासून अख्खी रात गाडयेत काढूक लागता. म्हणून आमच्यात पासचा विषयच नाही, पण एक सांगतो.

मी लहानपणी मामाकडे बोरिवलीला गेलो होतो तेव्हा त्याने गोराईला एस्सेलवर्ल्डला नेलं होतं. ते १९८९ ला सुरू झालं, तेव्हा आपल्या गावांत असं काही असतं हेच कोणाला माहीत नव्हतं. खाडी ओलांडायला बोट, बोटीतून समोर ते चाक दिसायला लागतं नि पोटात गोळा. पुढे १९९८ ला शेजारी वॉटर किंगडम झालं पण ते मी बघितलं नाही. मी आयुष्यात एकदाच गेलो. आज मी चाळिशी पार केलीय आणि मला त्या दिवशी मामाने कुठला शर्ट घातला होता तेही सांगता येईल. माझा मुद्दा एवढाच की मुलांना किती वेळा नेलं यापेक्षा एकदा नीट, निवांत, त्यांच्या मागे न ओरडता नेलं तर ते पुरतं.

आणि नाहीतर समुद्र आहेच की तुमच्या बाजूला, काशीद, नागाव.

कुंडलिका_काठ

कुडाळकर दादा, मामाची आठवण फार आवडली. समुद्राचं म्हणाल तर दर दुसऱ्या रविवारी समुद्रावर असतो आम्ही, मुलांना समुद्र नवा नाही, त्यांना ते वर जाऊन धाडकन खाली येणं हवंय. त्यांचं ते मागणं मला खोटं वाटत नाही, म्हणूनच विचारतेय.

महाडचे काका, तुमचं ऐकलं. काल रात्री मिस्टर सेकंड शिफ्ट करून आले, जेवण झालं आणि कॅलेंडर घेऊन बसलो. सगळं लिहिते, कारण लिहिताना मलाच स्पष्ट होतंय.

यांची साप्ताहिक सुट्टी फिरती असते, बहुतेक वेळा मधल्या वारी येते, तेव्हा मुलांची शाळा. डिसेंबरात शेवटचा आठवडा बंद. जानेवारीत मुलाचं गॅदरिंग आणि क्रीडा स्पर्धा, एक रविवार सापडला, त्याला गोल केला. फेब्रुवारीत प्लांटचं शटडाउन असतं, तेव्हा सुट्टीचं नाव काढायचं नाही. मार्चात शिमग्याला गाव, आमचं श्रीवर्धनकडे, पालखी घरी येते, तिथे चुकवता येत नाही. एप्रिल परीक्षा. मे महिना पूर्ण मोकळा, पण शनिवार-रविवार बंद, आणि मधल्या वारी यांना सुट्टी मिळाली तर नणंद मुलांना घेऊन आलेली असते, मग आम्ही चार नाही आठ जण, त्यांची तिकिटं कोण काढणार? तरी एक गोल केला, मे महिन्यातल्या एखाद्या बुधवारचा. जून ते गणपती पाऊस. गणपतीला परत गाव. ऑक्टोबरात सहामाही. दिवाळी बंद.

दोन गोल झाले काका. दोनच. मिस्टर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, पावसात पण चालू असतं ना पार्क, तेव्हा जाऊ. हे खरंय का? पावसात जाऊन उपयोग असतो का?

राइडवाला_कर्जत

ताई, मी एका पार्कमध्ये सहा वर्षं राइड ऑपरेटर होतो, आता दुसरं काम करतो, त्यामुळे मोकळेपणाने सांगू शकतो. पावसाचा प्रश्न फार बरोबर विचारलात.

पार्क पावसात चालू असतं, गेट उघडं असतं, तिकीट पूर्ण घेतात. पण गेट उघडं असणं आणि राइड चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिमझिम असेल तर बऱ्याच राइड चालतात. जोराचा पाऊस आला की मोठा रोलर कोस्टर थांबवतात, कारण ट्रॅक नि ब्रेक ओले झाले की गाडी कुठे थांबेल त्याचा अंदाज बदलतो, आणि त्या वेगाने पावसाचे थेंब तोंडावर खड्यासारखे लागतात. वारा वाढला की उंच टॉवर बंद. आणि विजा दिसल्या की काही विचारायचं नाही, उंच राइड सगळ्या बंद आणि पाण्यातली माणसं बाहेर. आपल्याकडे विजा भर पावसाळ्यापेक्षा मेच्या अखेरीला आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरात जास्त होतात, दुपारनंतर काळं भरून येतं. मी स्वतः लोकांना लाइनमधून परत पाठवलंय, शिव्या खाल्ल्यात, पण तिथे नियम म्हणजे नियम, आणि तो असायलाच हवा. त्यात मोठी दुरुस्ती असेल तर ती कमी गर्दीच्या दिवसांतच काढतात, म्हणजे पावसाळ्यात नि मधल्या वारी. पास असो की तिकीट, हवामानामुळे किंवा दुरुस्तीमुळे राइड बंद राहिली तर आमच्याकडे पैसे परत नव्हते.

वॉटर पार्कचं पावसात जरा बरं चालतं, भिजायचंच असतं, पण मुलं लवकर गारठतात. आणि तिथे नायलॉनचेच कपडे लागतात, ते भाड्याने घेऊ नका, रोह्याच्या बाजारातून घेऊन जा. लोक समजतात पार्कवाले भाड्यासाठी अडवतात, तसं नाही, सुती कपड्याचे धागे सुटून फिल्टरमध्ये जातात, कपडा पाणी पिऊन जड होतो, चेन नि बटणांनी स्लाइडला चरे पडतात आणि मागून येणाऱ्याची पाठ सोलवटते.

आता मला तुमच्या हिशोबात जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कोणीच विचारलं नाही. मुलाची उंची किती आहे? वय नको, उंची सांगा. सेंटीमीटरमध्ये, चप्पल काढून, भिंतीला टाच लावून. आणि त्याला परत परत जायचंय ते कुठल्या राइडसाठी?

कुंडलिका_काठ

आत्ताच मोजली, दाराच्या चौकटीला उभं करून, डोक्यावर पट्टी ठेवून पेन्सिलने खूण केली. १३१. मुलगी १०७. त्याला तो मोठा कोस्टर हवाय, उलटा होतो तो. दिवाळीत त्याला बसायला मिळाला नव्हता म्हणे, काकांनी पुढच्या वेळी म्हणून समजावलं. तेव्हापासूनच सुरू आहे खरं म्हणजे.

राइडवाला_कर्जत

तेच म्हणतो मी. उलट्या होणाऱ्या कोस्टरला बऱ्याच ठिकाणी १४० सेंटीमीटर लागतं. तुमच्या पार्कचा आकडा फोन करून विचारा, पण आसपासच असेल. हा नियम कोणाला अडवायला नाही, खांद्यावरून खाली येणारा जो बार असतो तो एका मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो, मूल लहान असेल तर बार लॉक होतो पण खांदे आणि बार यात जागा राहते. मी गेटवर मोजायची काठी घेऊन उभा राहायचो. दोन सेंटीमीटरने कमी पडलेलं पोर आणि मागे त्याचे बाबा "अहो बसू द्या हो, लांबून आलोय" म्हणतायत, हे रोज बघितलंय. मुलं टाचा वर करायची, बुटात कागद घालून यायची. मला कधी सवलत देता आली नाही आणि घरी जाताना ती पोरं आठवायची.

आता बघा. या वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. तुमचा मुलगा आज १३१, पुढच्या नोव्हेंबरात १३६-१३७. म्हणजे आज पास घेतलात तर पूर्ण वर्ष तो त्या काठीच्या खालीच राहणार. जितक्या वेळा न्याल तितक्या वेळा त्या कोस्टरसमोर उभा राहून बघणार. ज्या राइडसाठी तो पास मागतोय ती राइड त्या पासात नाहीये. पास घ्यायचाच तर तो १४० ला पोचेल त्या वर्षी घ्या. तोपर्यंत मुलगी पण साडेसहा-सातची होईल, तिच्या राइड वाढतील. आत्ता १०७ ला तिला लहान मुलांचा झोन, झुकझुक गाडी, घोडे एवढंच मिळणार, ते एका दिवसात होतं.

पेणचा_कारखाना

कर्जतवाले दादा, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, धाकटा आमचा पण असाच बघत राहायचा. आज कळलं.

लालपरी_महाड

दोन गोल म्हणजे दोन तिकिटं, ताई. त्यात मेचा बुधवार आहे तर मधल्या वाराचा रेट लागेल. शिवाय फेरी फुकट कधीच नसते. मिस्टर म्हणतात तिसऱ्यानंतर सगळं फुकट, तिथे तुम्हाला खटकत होतं ते हेच असावं. गाडीचं पेट्रोल, पार्किंग, लॉकर, आतलं खाणं, घरातून निघाल्यापासून किती जातात ते मांडा.

आणि गाडीच न्यायला हवी असं नाही. रोह्याहून दिव्याला जाणारी गाडी आहे, पनवेलपर्यंत अगदी कमी पैशांत जाता येतं. एसटीत तुम्हाला नि सासूबाईंना अर्धं तिकीट, महिलांना मार्च २०२३ पासून आहेच, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना पण अर्धं. पूर्ण फक्त मिस्टरांचं.

नवीन_पनवेल_आई

काका बरोबर बोलतायत. डब्याचं एक सांगते, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत पण बऱ्याच पार्कमध्ये हातावर शिक्का मारून बाहेर जाऊन परत येता येतं, गेटवर आधी विचारून घ्या. आम्ही पूर्ण दिवस गेलो की गाडीशी जाऊन पोळी-भाजी खातो. चार जणांचं आत जेवण म्हणजे एका तिकिटाचे पैसे सहज जातात.

अजून एक. काही ठिकाणी त्या दिवशीच्या तिकिटाचे पैसे पासमध्ये वळते करून देतात, संध्याकाळी पार्क सोडायच्या आधी काउंटरवर जाऊन फरक भरायचा. तुमच्याकडे असं आहे का बघा, म्हणजे पंधरा दिवसांच्या ऑफरला घाबरायचं कारण नाही. मी दोन वर्षं बघतेय, ती ऑफर संपते आणि महिन्याभराने दुसऱ्या नावाने परत येते.

आणि ज्या कोणी वाचून पास घेणार असतील त्यांनी पार्क बंद राहिलं तर मुदत वाढवतात का ते अटींमध्ये बघून घ्या. आमच्या वहिनीने २०२० च्या सुरुवातीला घेतलेला, मार्चात सगळं बंद झालं, पास तसाच संपला. तिने नंतर पाठपुरावा केला नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे तक्रार तरी नोंदवता येते.

कुंडलिका_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. हिशोब मांडला. आमची एक फेरी गाडीने गेलं तर पेट्रोल ८००, पार्किंग १००, लॉकर २००, खाणं सगळं मिळून १४००. म्हणजे २५०० आत जायच्या आधीच किंवा आत गेल्यावर, पास असो नसो. मधल्या वाराचं ऑनलाइन तिकीट मोठ्यांना ९०० आणि लहानांना ७०० आहे, चौघांचे ३२००. पासचे १२७४४ आणि त्या तिकिटाने चार वेळा गेलो तर १२८००. म्हणजे चार वेळा जाऊन ५६ रुपये वाचणार होते आमचे!! आणि चार वेळा जायला आमच्याकडे दिवसच नाहीत.

कोस्टरला १४० च लागतं, फोन केला होता.

मुलाला बसवून सांगितलं. खोटं नाही सांगितलं, पैसे नाहीत असंही नाही म्हटलं, कर्जतच्या दादांनी जसं सांगितलं तसंच, बार, खांदे, जागा. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, दूध प्यायलं की लवकर होईल का? मी म्हटलं दूध पी, पण तुझ्या वेगाने होईल. जानेवारीतल्या त्या रविवारी तिकिटं काढून जाणार आहोत, मुलीसाठी आणि त्याला बाकीच्या राइडसाठी. मेचा बुधवार नणंद आल्यावर ठरवू.

पास आत्ता नाही. दाराच्या चौकटीला १३१ ची खूण आहे, तिच्या वर त्याने स्वतः पट्टी लावून १४० ची लाल पेनाने केलीय. आज सकाळपासून चार वेळा जाऊन उभा राहिलाय.

दादा, एक राहिलंच, त्याने विचारायला सांगितलंय: तिथे मोजताना बूट काढायला लावतात का?

राइडवाला_कर्जत

काही ठिकाणी लावतात, काही ठिकाणी बुटासकट मोजतात. पण त्याला सांगा बूट काढूनच मोजत जा घरी. मग गेटवर मागे फिरावं लागणार नाही.